वेबसाइटसाठी बांधलेली तिरडी

"ताठ उभे राहा की काका. वाकलात तर माप चुकंल," असं म्हणत वैजयंतानं हिरव्या बांबूचा कळक माझ्या पाठीला लावला. टाचेपासून टाळूपर्यंत. वर आणखी एक वीत सोडली आणि कोयत्यानं खूण केली.

कळक ओला होता. सदऱ्यातून त्याचा गारवा पाठीच्या कण्याला लागला. मी म्हटलं, बाई, शिंप्यानंसुद्धा माझं माप इतक्या मनापासून कधी घेतलं नाही. ती हसली. कॅमेरा घेऊन उभा असलेला तन्वीर हसला. मीही हसलो. हसणारे आम्ही तिघं होतो, पण माप माझं होतं, आणि मापानं जी वस्तू बनणार होती ती तिरडी होती. हा फरक हसताना लक्षात येत नाही.

गोष्ट दहा-बारा वर्षांमागची. बार्शीच्या बुरूड गल्लीत सोनटक्क्यांचं दुकान. पुढं सुपं, टोपल्या, डालगी, आणि मागच्या अंगणात कळकांची रास. त्याच राशीतले कळक लग्नाच्या मांडवाला जात आणि त्याच राशीतले तिरडीला. यातला कुठला कुठं जायचा हे बिचाऱ्या कळकाला शेवटपर्यंत कळत नाही, असं मी एकदा तिथं चहा पिताना म्हणालो होतो. तेव्हा दुकानाचा मालक भिकोबा कामट्या तासता तासता म्हणाला होता, "कळकालाच कशाला, दिवट्या?"

भिकोबा आणि मी, म्हणजे दिवटे, चौथीपर्यंत एका बाकावर. तो ताडमाड उंच, मी त्याच्या खांद्याला. गुरुजी आम्हाला शेजारी उभं करून वर्गाला अपूर्णांक शिकवायचे. पुढं त्यानं बापाचा कोयता घेतला आणि मी लेखणी. म्हणजे लेखणी म्हणायची आपली. जत्रेतले टुरिंग टॉकीज, सर्कशी, दात पांढरे करणारी पावडर, सगळ्यांच्या जाहिराती मी लिहिल्या. आमच्या सर्कशीचा वाघ मालकाबरोबर बशीतून चहा पितो, हे वाक्य माझं. तो वाघ पाहायला बैलगाड्या जोडून लोक आले आणि वाघ आजारी आहे हे ऐकून परत गेले, तरी समाधानानं गेले. चाळीस-पन्नास वर्षं हेच केल्यावर गावानं माझ्यावर विश्वास ठेवायचं सोडून दिलं आणि मला ऐकायचं सुरू केलं. मी नुसतं "आज ऊन आहे" म्हटलं तरी टपरीवरचं कोणीतरी बाहेर डोकावून खात्री करून घ्यायचं.

तर भिकोबाच्या दुकानात काही रीती होत्या. तिरडीचं सामान न्यायला आलेल्या माणसाला "या" म्हणायचं नाही. निघताना "पुन्हा या" तर नाहीच नाही. कोण गेलं हे आपण होऊन विचारायचं नाही. त्यानं सांगितलं तर ऐकायचं. आणि सामान द्यायचं ते सुटं. दोन लांब कळक, आडव्या कामट्या, काथ्या, मडकं, कापड. बांधायचं काम मयताच्या दारात, तिथं जमलेल्या माणसांचं; त्यांतल्या कोणाला येत नसेल तर भिकोबा तिथं जाऊन बांधायचा. इतकी वर्षं मी त्या अंगणात बसलो, पण बांधलेली तिरडी तिथं कधी पाहिली नव्हती. पाहिली नव्हती हेही कधी माझ्या लक्षात आलं नव्हतं.

वैजयंता ही भिकोबाची एकुलती एक. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून परत आली आणि रडत बसायच्या ऐवजी गल्ल्यावर बसली. त्या वर्षी भिकोबाच्या छातीत दुखायला लागलं. सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि कोयता खाली ठेवायला सांगितला. पण दारात कोणी रडत्या डोळ्यांनी उभं राहिलं की हा उठायचा आणि कळक फोडायला बसायचा. अशा माणसाला थांबायला लावणं बरं दिसत नाही, म्हणायचा. वैजयंताचं म्हणणं असं, की माणूस दारात आलाच नाही आणि फोन आला, तर मी गड्याकडून कापून घेईन, टेम्पोनं पाठवीन, आबा झोपून राहतील. त्यातून तिच्या डोक्यात वेबसाइट आली. ती वेबसाइट तिला धंद्यासाठी कमी आणि बापासाठी जास्त हवी होती.

वेबसाइट बनवणारा तन्वीर शेख. कॉम्प्युटरचे क्लास चालवायचा, बोलायला गोड. आणि मजकूर लिहायला मी.

मी पहिला खर्डा लिहिला तो आमच्या सर्कशीच्या इतमामाला शोभेल असा. पेशवाईपासून सुरुवात केली. सोनटक्क्यांची तिरडी इतकी सुखाची, की नेताना वाटेत एक मयत शुद्धीवर आलं, इकडं-तिकडं पाहिलं आणि पुन्हा आडवं झालं, असं एक उदाहरणही दिलं. तन्वीरनं सगळं वाचलं, पोट धरून हसला आणि मग पुसून टाकलं.

"काका, हसायला येतंय, पण फोन येणार नाही," तो म्हणाला. "ज्याच्या घरात झालंय तो एका हातात मोबाइल धरून उभा असतो. दुसऱ्या हातानं आईला धरलेलं असतं. तो तीन ओळी वाचतो. त्या तीन ओळींत त्याला कळलं पाहिजे, तुम्ही काय देता, कुठं देता, कधी देता."

मग आमची काटछाट सुरू झाली. "आपले स्वागत आहे" हे तन्वीरचं आवडतं वाक्य वैजयंतानं काढायला लावलं. "ग्राहकांचे अभिप्राय" नावाचा एक चौकोन असतो म्हणे, तो मी काढायला लावला. आमच्या खऱ्या ग्राहकांचा अभिप्राय मिळवणं अवघड होतं. शेवटी पानभर मजकूर उरला. त्यातली पहिली ओळ मला फार आवडली होती: आमच्याकडे सगळं तयार असतं.

तन्वीरला पण ती आवडली. म्हणाला, बरोबर, पण तयार असतं म्हणता तर तयार दाखवा. सुट्या कळकांचा फोटो टाकला तर लोकांना मांडव वाटेल.

म्हणून वैजयंतानं तिरडी बांधायची ठरवली. भिकोबा त्या दिवशी लातूरकडं एका साखरपुड्याला गेला होता. माप कोणाचं तरी हवं, नाहीतर प्रमाण बिघडतं, म्हणून मी पाठ दिली. ते सगळं मगाशी सांगितलंच. तिला हे बांधायला कोणी शिकवलं नव्हतं, बाईमाणसाला शिकवतही नाहीत. पण लहानपणापासून बापामागं दारादारांवर जाऊन तिनं पाहिलेलं होतं. काथ्या भिजवून घेतला, अंगठ्यानं दाबून एकेक गाठ मारली. तन्वीरनं तिरडी लिंबाच्या झाडाला उभी केली आणि पुढून, बाजूनं, खाली बसून फोटो काढले. ऊन चांगलं होतं.

ती सोडायला म्हणून वैजयंतानं कोयता उचलला आणि तेवढ्यात मागचं दार वाजलं. भिकोबाला वाटेत दम लागला म्हणून तो अर्ध्यातून परत आला होता. पायरीवर उभा राहून त्यानं लिंबाकडं पाहिलं. पायातल्या वहाणा काढल्या. टोपी काढली.

"कोन गेलं?" त्यानं विचारलं.

"कोण नाही आबा. फोटोला बांधली. वेबसाइटवर टाकायला."

त्यानं ते ऐकल्यासारखं दिसलं नाही. पुन्हा तेवढ्याच हळू आवाजात त्यानं विचारलं, "कोन गेलं, वैजा?"

मग तो तिरडीजवळ आला. हात न लावता वरून खालपर्यंत पाहिलं. विचारलं, कुनाच्या मापानं बांधलीस. वैजयंता चेष्टेच्या सुरात म्हणाली, दिवटेकाकांच्या. आणि भिकोबा माझ्याकडं वळला.

तो माझ्याकडं कसा पाहत होता हे मला आजही नीट सांगता यायचं नाही. स्टेशनात गाडी हलल्यावर फलाटावरचा माणूस खिडकीकडं पाहतो, तसं काहीतरी. मग तो वैजयंताला म्हणाला, "दिवट्याला चहा दे. साखर जास्त घाल." मी मधुमेहाचा आहे हे त्याला ठाऊक होतं.

वैजयंतानं पुन्हा कोयता गाठीला लावला तेव्हा मात्र त्यानं तिचं मनगट धरलं. तन्वीरला सांगून फोटो पुसून टाकायला लावले, तिरडी स्वतः उचलून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेली आणि शेडला कडी लावली. वैजयंताला वाटलं, आबांना राग आला. ती रात्री जेवली नाही असं दुसऱ्या दिवशी मला म्हणाली. एका फोटोपायी एवढं काय, म्हणाली.

एवढं काय ते मला भिकोबानं शेडच्या दारात बसवून सांगितलं. त्याच्या लहानपणी गावात एक नाटक कंपनी उतरली होती. तिसऱ्या अंकात तिरडी लागायची. त्याच्या चुलत्यानं दुकानातच बांधून दिली आणि माप घेतलं ते कंपनीत पेटी वाजवणाऱ्याचं, कारण तो तिथं पानाला चुना लावत रिकामा उभा होता. नाटक झालं. नटांनी तिरडी सोडून कळक परत आणून दिले. कंपनीचे तंबू उतरायच्या आत त्या पेटीवाल्याला नेण्यासाठी तेच कळक पुन्हा न्यावे लागले.

"दारात मयत नसताना बांधली, की ती वाट बगत ऱ्हाती," भिकोबा म्हणाला. "बांधल्याली हाय तवर उभी ऱ्हाती. सुटली की निगती. रिकामी निगत न्हाय."

मी म्हटलं, मग सोडू नको. ठेव अशीच बांधून. माझं काय जातंय.

"कळक ओला हाय, दिवट्या," तो म्हणाला.

आता मी जन्मभर लोकांना भुताखेतांच्या गोष्टी सांगितल्या. हडळीशी पत्ते खेळलो, मुंज्याला उसने दिले, सगळं सांगितलं. पण एकाही भुताला मी कधी भ्यालो नव्हतो, कारण ती सगळी मी स्वतः बनवलेली होती. हे मी बनवलेलं नव्हतं. ओला कळक वाळला की अंग चोरतो. अंग चोरलं की काथ्या सैल पडतो. आणि काथ्या सैल पडला की गाठ, कोणी हात लावला नाही तरी, आपली आपण सुटते. वर पत्रा, बाहेर चैत्राचं ऊन.

मी रोज जायला लागलो. चहाला म्हणून जायचो आणि शेडची कडी काढून गाठी बघायचो. भिकोबा तांब्यानं गाठींवर पाणी ओतत असायचा. काथ्या भिजला की आवळतो. वैजयंता विचारायची, आबा वाळक्या लाकडाला पाणी का घालताय, तर तो म्हणायचा, कीड लागू नये म्हणून. एक दिवस डोक्याकडची गाठ मला सैल वाटली. एक दिवस वाटली नाही. घरी मी एकटाच. बायको आधीच गेलेली, मुलगा पुण्याला. जिना उतरताना कठडा धरायला लागलो. रस्ता ओलांडायचा तर टेम्पो दिसेनासा होईपर्यंत थांबायचो. चहाच्या टपरीवर लोकांनी विचारलं, दिवटे, तब्येत बरी आहे ना, चार दिवसांत एक थाप नाही तुमची. आणि मी खरं सांगितलं असतं तर तीही थापच समजून त्यांना बरं वाटलं असतं, की आला माणूस ठिकाणावर. म्हणून मी गप्प राहिलो.

फोटो काढून टाकल्यामुळं वेबसाइट अडली. तन्वीर म्हणाला, आता चित्र नाही, तर सगळा भार लिहिण्यावर आला काका, पुन्हा लिहा. मी घरी कागद घेऊन बसलो. सर्कस आठवली नाही, पेशवाई आठवली नाही. मला माझा मुलगा दिसायला लागला. पुण्याहून आलाय, दारात उभा आहे, आत मी आहे. हातात मोबाइल आहे. या गावात त्याला आता कोणी ओळखत नाही. त्याला काय विचारायचं हे माहीत नाही, कोणाला विचारायचं हे माहीत नाही, आणि माहीत नाही हे कोणाला कळू नये असं वाटतंय. त्याला सांगायचं तसं मी लिहिलं.

भिकोबानं तो मजकूर माझ्याकडून वाचून घेतला. त्याला वाचता यायचं, पण चष्मा नको म्हणाला. मी वाचलं: घरात माणूस गेल्यावर काय लागतं, हे आधीपासून कुणालाच माहीत नसतं. तुम्हालाही माहीत नसलं तर संकोच करू नका. काय विचारावं ते सुचत नसेल तर काही विचारू नका. फक्त गल्लीचं नाव सांगा. सामान घेऊन आमचा माणूस निघेल, आणि बांधायला येणारं कोणी नसेल तर तो तिथं थांबेल. आमच्याकडे सगळं तयार असतं.

"शेवटलं काड," तो म्हणाला. "आपल्याकडं काईच तयार नसतंय. तुमी सांगा, मग आमी कापायला घेतो. तसं लिव्ह."

मी तसं लिहिलं. तन्वीर म्हणाला, काका, धंद्याच्या दृष्टीनं हे उलटं आहे, कोण असं सांगतं का, की आमच्याकडं तयार नाही. पण त्यानं तसंच टाकलं. आणि फोन यायला लागले. आधी कुठून-कुठून बाहेरगावी राहणाऱ्या मुलांचे, ज्यांचे आईबाप इथं होते. मग गावातले. फोनवरची माणसं खरोखरच काही विचारत नव्हती. गल्लीचं नाव सांगत होती आणि रडत होती. वैजयंता सगळं निस्तरायची. गडी ठेवला, टेम्पो ठरवला. दवाखान्याच्या रस्त्यावर मयत न्यायची काचेच्या पेटीवाली जी नवी गाडी आली होती, तिच्या ड्रायव्हरनंच एकदा आमचा नंबर कोणालातरी दिला. वैजयंता खूश होती, कारण भिकोबा आता कळक फोडत नव्हता. दुपारभर शेडमध्ये आडवा पडलेला असायचा, असं तिला वाटायचं.

एका दुपारी मी गेलो तर शेडला आतून कडी. फटीतून पाहिलं तर भिकोबा खाली बसला होता, घामानं निथळत, आणि पायाकडच्या गाठीत हात घालून काहीतरी करत होता. मी दार ढकलायला लागलो. त्यानं कडी काढली आणि बोटानं गप्प राहायची खूण केली.

तिरडी सुटलेली नव्हती. जुन्या कळकाच्या शेजारून त्यानं नवा कळक सरकवला होता, त्याच गाठींतून, एकेक कामटी नव्या कळकाला बांधत. नवा पुरता बसल्यावर मग जुना तो आतून कापून काढत होता. एका बाजूचं झालं होतं. दुसऱ्या बाजूचं राहिलं होतं. एक क्षणही ती तिरडी बांधलेली नव्हती असं झालं नव्हतं. मी म्हटलं, वाळके बदलून ओले घालतोयस होय, शहाणा आहेस, असं करत गेलास तर शंभर वर्षं टिकेल.

दुसरा नवा कळक उचलून त्यानं स्वतःच्या पाठीला लावला. टाचेपासून टाळूपर्यंत. वर एक वीत सोडली आणि मला म्हणाला, "खून कर. मला मागं दिसत न्हाय."

मी खूण केली नाही. मी खाली बसलो. मला जे-जे सुचलं ते सगळं मी बोललो. की हे खूळ आहे, पेटीवाला काविळीनं गेला असेल, मी हे मानतच नाही, मानत असतो तर इतक्या दिवसांत घाबरलो नसतो का. त्याला मी घाबरलेला दिसत होतोच. तो कळकाला टेकून दम खात राहिला.

"सोलापूरच्या डाक्टरनं मला काय सांगितलं ते वैजाला सांगितलं न्हाय," तो म्हणाला. "मला एक लागनारच हाय, दिवट्या. मग दोन कशाला?"

"आणि नाही लागली तर?"

"तर बरंच की. दोघं मिळून पानी घालू."

मग त्यानं माझ्या हातात कोयता दिला आणि मी खूण केली. ती थोडी वाकडी आली. त्यानं ती नखानं सरळ करून घेतली.

दुसरी बाजू बसवताना तो एकदाच थांबला. वैजयंतानं मारलेल्या एका गाठीवर त्यानं बोट ठेवलं. "बग," म्हणाला, "कसली बसलीया. मला बी पयल्या खेपेला अशी जमली न्हवती. तिच्या हाताला भ्या न्हाय म्हनून. मानसाच्या दारात जाऊन हे काम करायचं तर हाताला भ्या नसावं. एकदा शिरलं की गाठ बसत न्हाय."

मी म्हटलं, मग तिला यातलं काही कळू द्यायचं नाही. मी कोणाला बोलणार नाही. शपथ घेतो.

मग त्याच्या तोंडावर चौथीतल्या बाकावरचं हसू आलं, गुरुजींनी दोघांना शेजारी उभं केल्यावर यायचं तसलं. "शपत नगं," तो म्हणाला. "ती हुशार हाय, माप वळखंल. इचारलं तर खरं सांग. समदं सांग. पर तूच सांग. दुसऱ्या कुनी नगं."

मला त्याचा अर्थ लागला नाही. मी मान हलवली.

पुढं वैशाखाचं ऊन आलं. आम्ही दोघं मिळून पाणी घालत होतो. एका सकाळी वैजयंताचा फोन आला. ती फक्त "काका" म्हणाली. मी गेलो तेव्हा गल्ली भरली होती, आणि शेडचं दार उघडं होतं. पायाकडची गाठ सुटून लोंबत होती. ती आधी सुटली की नंतर, हे विचारायला कोणी उरलं नव्हतं.

वैजयंतानंच सांगितलं, मागं बांधलेली आहे ती आणा, आता नवी कोण बांधत बसतंय. माणसांनी ती बाहेर आणली. भिकोबाला आंघोळ घालून तिच्यावर ठेवलं. डोक्याकडं वीतभर उरलं, पायाकडं काही नाही. जिथं संपायला पाहिजे तिथं संपली. खांदेकऱ्यांतला एक जण हळूच म्हणाला, माप कोणी घेतलं रे, एक बोट इकडं-तिकडं नाही.

वैजयंता ते ऐकून माझ्याजवळ आली. डोळे सुजलेले, पदर खोचलेला. लोकांकडं पाठ करून तिनं विचारलं, "काका, ही मी तुमच्या मापानं बांधली होती. आबा तुमच्यापेक्षा हातभर उंच. मग ही बसली कशी?"

मी तिला खरं सांगितलं. सगळं सांगितलं. तो पेटीवाला, ओला कळक, आम्ही घातलेलं पाणी, शेडमधली दुपार. जुन्याच्या शेजारून नवा कळक सरकवून त्यानं माझी तिरडी कशी स्वतःची करून घेतली ते सांगितलं. माझ्या वाटणीचं तो घेऊन निघालाय हे सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट सांगताना तिला शेपूट लावलं नाही.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग तिच्या ओठाचा कोपरा हलला. रडता रडता ती हसली, आणि माझ्या दंडावर हात ठेवून, लहान पोराला समजवावं तशी म्हणाली, "आज तरी नको ओ काका. चार माणसं हसतील." आणि स्वतःशीच म्हणाली, "माझंच माप चुकलं असणार. उन्हात घाईनं घेतलं होतं."

भिकोबाला हे आधीच दिसलं होतं. साऱ्या बार्शीत ही गोष्ट तिला खरी सांगू शकेल, आणि तरी तिला ती खरी वाटणार नाही, असा माणूस एकच होता.

वैजयंता वळली. बापाच्या पायाशी बसली, लोंबणारा काथ्या तांब्यातल्या पाण्यात भिजवला आणि अंगठ्यानं दाबून शेवटची गाठ मारली. गाठ एका दमात बसली. हात कुठंही थरथरला नाही.